तेवीस अर्धी तोंडं

“…पण सर, शेवटी काढायचेच आहेत ना? मग चार वर्षं कशाला? एका दिवसात का नाही?”

हेर्लेकर डॉक्टर बॅगेची चेन लावत होते. चेन मध्येच अडकली. त्यांनी ती मागे घेतली, पुन्हा ओढली.



विचारणारे डॉ. श्रेणिक मगदूम. वय एकोणतीस. मोठी पदवी, त्या पदवीत सुवर्णपदक. गेली चार वर्षं आटपाडीच्या या दवाखान्यात हेर्लेकरांच्या हाताखाली. हात इतका हलका, की दात बशीत पडलेला असायचा आणि पेशंट विचारत असायचा, “सुरू कधी करताय?”

हेर्लेकरांचं वय चौऱ्याहत्तर. एकतीस वर्षांत या माणसाने इतके दात काढले, की एका ओळीत मांडले तर शेजारच्या दिघंची गावापर्यंत जातील. मी मांडून पाहिलेले नाहीत. पण त्यांना हसताना पाहिलेला माणूस सगळ्या गावात एकच सापडतो, आणि त्याला तेव्हा भूल दिलेली होती.

मी त्या दुपारी तिथे बाकावर होतो. नुकतीच दाढ काढलेली, तोंडात कापसाचा बोळा. म्हणून ही गोष्ट सलग ऐकता आली. एरवी मी मध्ये बोललो असतो.

घड्याळात तीन वाजून पाच मिनिटं.

साडेचारला मिरजेची एसटी. मिरजेहून धारवाडची रेल्वे. धारवाडला कुमुदताई, म्हणजे हेर्लेकरांची बायको. ताई तिथल्या शाळेत शिकवायच्या. हे “दोन वर्षांत परत येतो” म्हणून इकडे आले होते. त्यानंतर नवरा-बायको मे महिन्यात आणि दिवाळीत भेटत, मामाच्या गावाला जाणाऱ्या पोरांसारखे.

मागच्या महिन्यात ताईंचा फोन आला होता.

“मला आता जिना उतरवत नाही. या.”

एवढंच.

म्हणून ही बॅग. दवाखान्याच्या वरच्या खोलीतलं एकतीस वर्षांचं सामान तिच्यात मावलं होतं, आणि वर जागा उरली होती.

दोन वर्षांची एकतीस कशी झाली, ते सांगायला हवं. दातांमुळे झाली.

काही पोरांचा जबडा लहान असतो आणि दात मोठे. तोंडात गर्दी होते. अशा पोराचे आधी दुधाचे सुळे काढायचे. मग थांबायचं. साधारण वर्षाने दुधाच्या पुढच्या दाढा काढायच्या. मग थांबायचं. त्यांच्या जागी छोट्या पक्क्या दाढा उगवल्या, की त्याही काढायच्या. चांगल्या, ठणठणीत, कीड नसलेल्या. आणि परत थांबायचं. मग त्या मोकळ्या जागेत पक्का सुळा आपला आपण येतो. आठव्या वर्षी सुरू केलेलं काम बाराव्या वर्षी संपतं.

तोवर डॉक्टरने जायचं नाही.

एक पोर संपत आलं, की दुसरं मध्यावर असायचं. तिसऱ्याचं नुकतंच सुरू झालेलं असायचं. हेर्लेकर दरवर्षी धारवाडला कळवायचे, एवढं एक पोर झालं की निघतो. खोटं नव्हतं ते. फक्त ते पोर दरवर्षी वेगळं असायचं.

चार वर्षांपूर्वी त्यांनी नवीन पोर घेणं बंद केलं. आया पाया पडायच्या. ते मान हलवायचे आणि दुसरीकडे बघायचे. शेवटचं पोर, पोस्टमनची मुलगी, काल सुटलं.

“माझी संपली,” हेर्लेकर बॅगेवर हात ठेवून म्हणाले. “तुझी किती?”

श्रेणिकने टेबलावर फायलींचा गठ्ठा ठेवला.

“तेवीस.”

“कुठवर आलीत?”

“कोणाचे सुळे झालेत. कोणाच्या दाढा. पूर्ण कोणीच नाही.”

“आणि तू?”

“बंगळूरला हॉस्पिटलमध्ये जागा मिळाली, सर. एक तारखेला हजर व्हायचंय.” तो बॅगेकडे बघत होता. “मला वाटलं होतं, ही तुम्ही सांभाळाल.”

“मला वाटलं होतं, तू सांभाळशील.”

…

नळ गळत होता, तेवढाच आवाज.

“तेवीस आली कुठून?” हेर्लेकरांनी विचारलं.

“तुम्ही नाही म्हणालात, तीच ही.”

“हं.”

“खरं सांगू? मला वाटलं, सरांचा हात कापायला लागलाय. धीर सुटलाय. तुम्ही परत पाठवलेली पोरं मी फाटकात गाठायचो आणि मागच्या दाराने आत घ्यायचो.”

“कशासाठी?”

“मला जमतं म्हणून.”

हेर्लेकरांनी मिशीवरून हात फिरवला. मिशी दाट, वरचा ओठ सगळा झाकणारी. ते बोलायचेही तोंड फारसं न उघडता. गाव त्याला दरारा म्हणायचं.

“जमतं,” ते म्हणाले. “आता?”

“आता महिनाभरात सगळ्यांना मोकळं करतो. दुधाच्या दाढा काढायच्या, आणि खालच्या पक्क्या, ज्या अजून हाडात आहेत, त्याही त्याच बैठकीत उकरून काढायच्या. थांबायचं कामच नाही. पुस्तकात दिलंय.”

“दिलंय. त्याच पानावर खाली बारीक अक्षरात आणखी काही दिलंय.”

“हाड खचतं. मागच्या दाढा पुढे सरकतात, ठेवलेली जागा बुजते. वाचलंय मी.”

“मग?”

“ते साध्या हाताच्या माणसासाठी लिहिलेलं असतं, सर.”

हेर्लेकर काही बोलणार, तेवढ्यात दार लोटून हणमंत मोहिते आत आला. बरोबर त्याची मुलगी, ईश्वरी. वय साडेनऊ.

मोहिते गलाईवाला. जुनं सोनं वितळवून शुद्ध करायचं, असा धंदा. आटपाडीकडची निम्मी माणसं याच धंद्यापायी परमुलखात आहेत. याची भट्टी त्रिशूरला. हे लोक वर्षातून एकदा, चैत्रातल्या जत्रेला गावी येतात, आणि त्या आठ दिवसांत नवस, लग्नं, भांडणं, दात, सगळं उरकून जातात.

मागच्या जत्रेत श्रेणिकने ईश्वरीचे दुधाचे सुळे काढले होते.

“डाक्टर, परवा गाडी हाय आमची,” मोहिते म्हणाला. “आता फुडं वरसानंच. काय काढायचं ते आजच काढून टाका. पोरगी सोसणारी हाय.”

श्रेणिकने हेर्लेकरांकडे बघितलं. बघा, लोकांनाही हेच हवंय, असं ते बघणं होतं.

हेर्लेकर म्हणाले, “मोहिते, सोन्याची मूस भट्टीतून वेळेआधी काढली तर?”

“वाया जातंय की सगळं. न्हाय काढत.”

“मग?”

“सोन्याला शाळा नस्ती, डाक्टर. हिला हाय. सोमवारी परीक्षा हाय हिची.”

हेर्लेकरांनी बॅगेची चेन पुन्हा तपासली. हा दाखला त्यांनी मनात बराच घोटलेला असावा.

श्रेणिकने ईश्वरीला खुर्चीत बसवलं. एक्स-रेची फिल्म उजेडात अडकवली. दुधाच्या दाढांच्या मुळांखाली, हाडात, पक्क्या दाढा दिसत होत्या. अर्ध्याच झालेल्या. मुळं अजून फुटायची होती.

त्याने ट्रेमध्ये दोन पकडी ठेवल्या. शेजारी एक छोटी छिन्नी ठेवली.

“किती काढणार?” ईश्वरीने विचारलं.

“आठ.”

तिने जिभेने मोजायला सुरुवात केली. मध्ये थांबली.

“मग उरतील किती?”

“पुरेसे.”

“शाळेत सगळे मला दाराची फट म्हणतात. मल्याळममध्ये. त्या जागेतून आत दिसतं म्हणून.” तिने हात तोंडावर ठेवला. “मग मी बोलतच नाही. वर्गात नाही, रिक्षात नाही. घरी पप्पा भट्टीवर असतात.”

“मग कोणाशी बोलतेस?”

तिने खांदे उडवले.

“आज आठ काढले, की पुन्हा यायला नको?”

“नको.”

“जत्रेला पण नको?”

“जत्रेला ये की. इथे नको.”

“…हं.”

या ‘हं’मध्ये आनंद नव्हता. श्रेणिकच्या ते लक्षात आलं असावं, कारण त्याने सुई भरायला नेहमीपेक्षा जास्त वेळ घेतला.

हेर्लेकर उठले.

“ईश्वरी बाळ, जरा उठ. मला बसू दे.”

ती उठली. खुर्चीत हेर्लेकर बसले. मान मागे टेकवली.

“श्रेणिक, दिवा खाली घे.”

“सर, तुमची गाडी…”

“दिवा घे.”

दिवा खाली आला. हेर्लेकरांनी दोन बोटांनी मिशी वर उचलली आणि तोंड पूर्ण उघडलं.

…

मी बाकावरून उठून बघितलं. बघायला नको होतं, पण बघितलं.

खालचे पुढचे दात एकमेकांच्या अंगावर चढलेले, बाजाराच्या दिवशी एसटीत शिरणाऱ्या माणसांसारखे. वरचा डावा सुळा रांग सोडून हिरडीत उंच, ओठाच्या आत लपून बसलेला. उजवा दिसतच नव्हता. तो टाळूत निघाला होता.

श्रेणिकने चार वर्षं त्यांच्या शेजारी उभं राहून काम केलं होतं. जेवायला मात्र हेर्लेकर रोज वरच्या खोलीत एकटे जायचे. त्याला वाटायचं, गुरुजींना शिष्याच्या पंगतीचं वावडं आहे.

त्याने आरसा आत घातला.

“हे कोणी केलं?”

हेर्लेकरांनी तोंड मिटलं. मिशी खाली सोडली.

“तुझ्यासारखाच होता. हात फार हलका. मला काही दुखलं नाही.”

“कधी?”

“नऊ वर्षांचा होतो. आमच्या गावच्या शाळेत दातांचं शिबिर भरलं होतं. त्याने माझे चार सुळे काढले. सगळं बरोबर केलं. म्हणाला, सहा महिन्यांनी परत येतो, मग पुढच्या दाढा बघू.”

“…आला नाही?”

“त्याला चांगली नोकरी लागली.”

घड्याळात पावणेचार.

“मी शाळेच्या फाटकात बसायचो,” हेर्लेकर छताकडे बघत म्हणाले. “सहा महिने झाले. आठ झाले. रोज आईच्या आरशात तोंड उघडून बघायचो. ती जागा हळूहळू भरत आली.”

त्यांनी जिभेने तो डावा सुळा चाचपला.

“ज्याची होती, त्या पक्क्या सुळ्याने नाही भरली.”

श्रेणिक म्हणाला, “पुढे करून घेता आलं असतं, सर. आजही होईल. तारा लावून, नाहीतर…”

“होईल. पण पंधराव्या वर्षापर्यंत न हसायची सवय लागते. ती काढायला पकड नसते.”

ईश्वरी खुर्चीच्या हातावर रेलून त्यांच्या मिशीकडे बघत होती.

“आजोबा, तुमच्याकडे माझ्यापेक्षा जास्त गर्दी आहे.”

“हो.”

“दुखते?”

“नाही.”

“तुम्हाला काय म्हणायचे शाळेत?”

“सांगितलं तर तू हसशील.”

“नाही हसणार.”

त्यांनी तिच्या कानात सांगितलं. तिने हात तोंडावर न ठेवता हसून टाकलं. तोंडात पुढे चार मोठे दात, आणि दोन्ही बाजूंना भरत आलेली मोकळी जागा.

श्रेणिक ती जागा बघत राहिला.

मोहितेने टोपी काढून पुन्हा घातली. “मग डाक्टर… आज किती म्हणायचं?”

श्रेणिकने छिन्नी उचलली आणि कपाटात ठेवून आला.

“चार. दुधाच्या दाढा तेवढ्या.”

“आन् बाकीच्या?”

“उगवल्यावर.”

“मंजी फुडल्या जत्रंला?”

“जत्रेला बघू. पण मध्ये दिवाळीत एकदा दाखवायला आणा.”

“दिवाळीत कसं जमंल वो? ऐन धंद्याचे दिस.”

“आणा, मोहिते. नाहीतर आजच्या चारही काढत नाही.”

मोहिते हेर्लेकरांकडे वळला. हेर्लेकर खुर्चीतून उठून बॅगेचा पट्टा सरळ करत होते. त्यांच्याकडून काही मिळणार नाही हे मोहितेला कळलं.

“बरं. आणतो.”

श्रेणिकने ईश्वरीला पुन्हा खुर्चीत बसवलं, भूल दिली आणि चार दाढा काढल्या. त्याच्या नेहमीच्या वेगाने नाही. प्रत्येक दाढ काढल्यावर तो तिला विचारत होता, आणि ती बोटाने अजून चालेल अशी खूण करत होती. चार बशीत पडल्या. ईश्वरीने कापूस दाबून धरला आणि दाताच्या फटीतून विचारलं,

“दिवाळीला तुम्हीच असाल ना?”

श्रेणिक कार्डावर तारीख लिहीत होता. पेन थांबलं.

“आणि जत्रेला?”

…

“असेन,” तो म्हणाला.

ती गेली. जाताना मागे वळून पाहिलं नाही. पोरांना एकदा उत्तर मिळालं की ती बघत नाहीत.

चार वाजून दहा मिनिटं.

श्रेणिकने खिशातून फोन काढला, बंगळूरचा नंबर शोधला, आणि फोन फायलींच्या गठ्ठ्यावर पालथा ठेवला.

“सर.”

“बोल.”

“यातलं शेवटचं पोर संपायला चार वर्षं लागतील.”

“साडेतीन. त्या कुंभाराच्या मुलाच्या दाढा लवकर येताहेत. फिल्म बघ त्याची.”

“तुम्ही माझ्या फिल्मा बघता?”

हेर्लेकर चप्पल घालत होते. वाकायला त्यांना वेळ लागला.

“नवीन एकही घेतलं नाही, तर साडेतीन वर्षांनी मी सुटेन,” श्रेणिक म्हणाला.

“सुटशील.”

“फक्त नाही म्हणायचं.”

“फक्त.”

श्रेणिकने त्यांची बॅग उचलली. दोघे दारापर्यंत आले. बाहेर ऊन उतरत होतं. फाटकाशी एक बाई आठेक वर्षांच्या पोराचं बोट धरून उभी होती. आत यावं की नको, असं तिला झालेलं. पोराने ओठ घट्ट मिटले होते.

श्रेणिकने त्या पोराकडे बघितलं, आणि पटकन नजर वळवली.

“सर, एक विचारू?”

“गाडी चुकेल माझी.”

“चार वर्षं तुम्ही एकेकाला नाही म्हणत राहिलात. पोरं अशीच ओठ मिटून परत गेली. तुमच्यासारख्या माणसाला ते जमलं कसं?”

हेर्लेकरांनी त्याच्या हातातून बॅग घेतली. पायरी उतरले. फाटकातल्या पोराच्या डोक्यावर जाता जाता हात ठेवला, आणि बाईला तोंडाने नव्हे, बोटाने दवाखान्याचं दार दाखवलं.

मग मागे न बघता म्हणाले,

“जमलं कुठे… म्हणून तर तुला ठेवून घेतलं.”